हाकणारा आणि राखणारा

गेल्या चैत्रात एका रविवारी सकाळी माझ्या मंद्रूपच्या घरापुढे सोलापूरची एक मोटार येऊन थांबली. आत नवरा-बायको, नऊ-दहा वर्षांची मुलगी आणि मागच्या सीटवर काळ्या-पांढऱ्या केसांचा एक कुत्रा. माणसे उतरायच्या आधी मी कुत्र्याकडेच पाहत राहिलो. रस्त्याच्या पलीकडून कुणाच्या तरी चार शेळ्या चालल्या होत्या. हा गडी काचेला नाक लावून, मान खाली घालून, एकटक त्यांच्याकडे बघत होता. भुंकला नाही, शेपूट हलवली नाही. मांजर उंदराकडे बघते तसे ते बघणे होते.

"काका, तुमच्याकडे रान आहे, मोकळं आहे. याला ठेवून घ्या," नवरा म्हणाला. मुलगी मोटारीतून उतरलीच नाही.

गावात मला डॉक्टर म्हणतात. कागदोपत्री मी पशुसंवर्धन खात्यातला निवृत्त पशुधन पर्यवेक्षक. बत्तीस वर्षांत गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या इतक्या हाताखालून गेल्या की मोजदाद नाही. कुत्री मात्र बहुतेक चावल्यावर किंवा चावली गेल्यावरच माझ्याकडे यायची. त्यामुळे या पाहुण्याने पुढचे सहा महिने मला जे शिकवले, ते माझ्या नोकरीत कधी शिकायला मिळाले नव्हते. त्याचे नाव ऑस्कर. आमच्या वस्तीवर दोन दिवसांत त्याचा 'वस्कर' झाला आणि तो त्यालाही ओ देऊ लागला.

जात बॉर्डर कोली. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरच्या डोंगराळ मुलखातली मेंढ्या हाकणारी ही कुत्री, आणि नावातली 'बॉर्डर' म्हणजे तीच सीमा. या जातीच्या बहुतेक कुत्र्यांचा वंश मागे नेला की तो नॉर्थम्बरलंडमधल्या ॲडम टेल्फर नावाच्या माणसाच्या 'ओल्ड हेम्प' या कुत्र्याशी पोचतो. तो 1893 साली जन्मला आणि 1901 साली मेला. त्याआधीच, 1873 मध्ये वेल्समधल्या बाला या गावी अशा कुत्र्यांच्या कामाची ब्रिटनमधली पहिली नोंदलेली स्पर्धा झाली होती. ओल्ड हेम्पची ख्याती आरडाओरड्यासाठी नव्हती. तो गप्प राहून नुसत्या नजरेने मेंढ्या हलवायचा. शंभर-सव्वाशे वर्षे माणसांनी ती नजर निवडून निवडून वाढवली, आणि ती आता सोलापुरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येऊन पोचली होती.

तिथे काय झाले ते मुलीच्या आईने सांगितले. मोबाइलवर या जातीच्या हुशारीचे व्हिडिओ पाहून पिल्लू आणले. वर्षभर कौतुक झाले. मग तो पंख्याची सावली भिंतीवर फिरते तिच्यामागे तासन् तास धावू लागला. पाहुणे आले की त्यांना एका कोपऱ्यात गोळा करी आणि कुणी उठून निघाले तर टाचेला हलकेच दात लावी. एके दिवशी शेजारच्या मुलाच्या घोट्याला दात लागले, जरासे रक्त आले. मुलाला रेबीजची लस घ्यावी लागली, सोसायटीत बैठक झाली. कुणीतरी सुचवले, "माळावर सोडून या, राहील कुठंतरी." हे सांगताना बाईंचा आवाज बदलला. एवढ्यासाठीच ते माझ्याकडे आले होते, आणि म्हणूनच मी नाही म्हणू शकलो नाही.

माळावर सोडणे हा गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यात उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत जनावर टाकून देणे शिक्षेस पात्र आहे. पण कायद्यापेक्षा माळ समजून घ्यायला हवा. आमच्या जिल्ह्याचा माळ रिकामा नसतो. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात अबी तमीम वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोकाट कुत्र्यांमुळे खोकडांना कसे दबून राहावे लागते याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. कुत्र्यांचे आजार, विशेषतः डिस्टेंपर, खोकड-लांडग्यांपर्यंत जातात. पुण्याजवळच्या माळरानांवर तर कुत्रा आणि लांडगा यांचा संकर झाल्याचेही आढळले आहे. म्हणजे एक कुत्रा माळावर सोडला की त्याचे हाल होतातच, शिवाय तो तिथल्या कुणाच्या तरी मुळावर उठतो.

तर वस्कर माझ्याकडे राहिला आणि मी पहिली चूक केली. सगळे करतात तीच. मला वाटले, जागा मोठी मिळाली की कुत्रा शांत होतो. सकाळ-संध्याकाळ त्याला बांधावरून चार-चार किलोमीटर पळवले. पंधरा दिवसांत तो दमण्याऐवजी आणखी तयारीचा झाला. मल्लाला जोर-बैठका काढायला लावाव्यात तसे झाले. कोंबड्या गोळा करून विहिरीच्या कठड्याशी उभ्या केल्या. शाळेच्या सायकली अडवल्या. वैशाखात आमच्याकडे पारा चाळिसाच्या वर असतो, तरी दुहेरी केसांचा हा प्राणी दुपारी एकच्या उन्हात जिभेला फेस आणून बैलगाडीभोवती फिरायचा. थांबणे त्याला ठाऊकच नव्हते. त्याला धावायला नव्हे, थांबायला शिकवायला हवे, हे कळायला मला महिना लागला. एका जागी बसणे, वास घेऊन लपवलेली भाकरी शोधणे, नाव घेतलेली वस्तू आणून देणे अशा कामांत अर्धा तास डोके चालवले की तो दोन तास झोपायचा. पाच किलोमीटर पळवल्यावर झोपत नव्हता.

दुसरी चूक मोठी. ज्येष्ठात एका ओळखीच्या माणसाने त्याच्या फार्महाउससाठी कुत्रा मागितला. दहा एकर, आंब्याची झाडे, राखणदार ठेवलेला. मी जागा पाहिली, माणसाला मात्र काही विचारले नाही. तीन आठवड्यांनी सहज डोकावलो, तर वस्कर पत्र्याच्या शेडखाली सात फुटी साखळीला बांधलेला. साखळी जिथवर पोचते तिथवर जमिनीत गोल खड्डा पडला होता. रात्री सोडायचे, पण तो चोरावर भुंकत नाही अशी तक्रार होती. भुंकणार कसा? भुंकू नये म्हणूनच त्याच्या पणज्या-खापरपणज्यांना निवडले होते. मी त्याला त्याच दिवशी परत आणला. परत येताना मोटारसायकलवर तो माझ्या आणि टाकीच्या मध्ये बसला होता, आणि घरापर्यंत त्याने एकदाही रस्त्यावरच्या जनावराकडे पाहिले नाही. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

मग मला सुचले ते खरे तर आधीच सुचायला हवे होते. मेंढ्या हाकणारा कुत्रा आहे, आणि मंद्रूपच्या चहूअंगाला धनगर आहेत. दक्षिण सोलापूर हा रब्बीचा मुलूख. पावसाळ्यात शाळूची रानं मोकळी असतात, तेव्हा कळप इथेच फिरतात. माझ्या ओळखीचा एक म्हातारा मेंढका आहे. मराठी बोलता बोलता कानडीत शिरतो, मेंढरांशी मात्र कानडीच बोलतो. आषाढात त्याचा वाडा आमच्या शिवारात बसला होता. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, त्यांच्या लेंड्यांचे खत होते आणि धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. मी वस्करला घेऊन गेलो.

म्हाताऱ्याने त्याचे दात पाहिले, पंजे पाहिले, आणि म्हणाला, "सोडा बघू."

पुढचे दोन मिनिटांत घडले. वस्कर जमिनीला पोट लावून मोठा घेर घेत निघाला, इतक्या सुंदर रीतीने की मी श्वास रोखून पाहत राहिलो. इंग्लंडच्या कुठल्याही कुरणावर त्याला शाबासकी मिळाली असती. पण ही दख्खनी मेंढरं होती, त्यांत काही माडग्याळी. त्यांना नजरेने दाबणारा कुत्रा कधी भेटलाच नव्हता. त्यांच्या लेखी टक लावून, दबत, घेर घेत येणारे जनावर एकच. कळप फुटला. गाभण मेंढ्या ओढ्याकडे धावल्या, एक घसरून पडली. तोवर वाड्याची दोन कुत्री झोपेतून उठून वस्करवर तुटून पडली होती. मी मध्ये पडलो, माझ्याच हाताला दात लागले आणि मलाही इंजेक्शने घ्यावी लागली.

मेंढी लंगडत उठली. म्हाताऱ्याने तिचा पाय चाचपून पाहिला, मोडला नव्हता. मग तो माझ्याशेजारी बसला आणि तंबाखू मळत म्हणाला, "डॉक्टर, कुत्रं झकास हाय. पर ह्यो हाकणारा. मला राखणारा पायजे. हाकायला मी हाय की."

या एका वाक्यात जो भेद आहे, तो समजायला अमेरिकेतल्या रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने उभी हयात घालवली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. लांडग्याची शिकार म्हणजे एक साखळी आहे: हेरणे, टक लावणे, दबत जाणे, पाठलाग, पकड, ठार मारणे, खाणे. माणसाने कुत्र्याच्या वेगवेगळ्या जातींत या साखळीच्या वेगवेगळ्या कड्या ठेवल्या आणि तोडल्या. हाकणाऱ्या कुत्र्यात टक, दबणे आणि पाठलाग या कड्या अगदी तीव्र केल्या, पुढच्या दाबून टाकल्या. राखणाऱ्या कुत्र्यात जवळजवळ सगळी साखळीच मंद केली. शिवाय पिल्लू तीन-चार आठवड्यांचे असल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांचे होईपर्यंत त्याच्या आसपास जो असेल तो त्याला आपला वाटू लागतो. हा काळ मेंढरांत गेला तर मेंढरे हेच त्याचे गोत. आमच्या धनगरांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. कुत्री वाड्यावरच विते, पिल्ले कोकरांच्या अंगावर लोळत वाढतात, दिवसा सावलीत पडून राहतात आणि रात्री वाघरीच्या बाहेर जागी असतात. दिवसभर झोपणारे ते कुत्रे आळशी नसते, रात्रपाळीचे असते.

मग इंग्रजांनी हाकणारे कुत्रे का घडवले आणि आम्ही राखणारे का? उत्तर लांडग्यात आहे. ब्रिटनमधला लांडगा सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ संपला. त्यानंतर डोंगरावर मेंढ्या राखणीवाचून मोकळ्या सोडता येऊ लागल्या. मोकळ्या मेंढ्या विखुरतात, म्हणून लोकर कातरायला त्या गोळा करून आणणारा कुत्रा हवा. आमच्याकडे लांडगा अजून आहे, त्यामुळे मेंढका कधी कळप सोडून जात नाही. तो पुढे चालतो, तोंडाने आवाज काढतो, कळप त्याच्यामागे येतो. माणूस चोवीस तास बरोबर आहे, तर हाकायला कुत्रा कशाला? हवा तो रात्रीचा सोबती.

या सोबत्याची आठवण आमच्या देवांनाही आहे. खंडोबाच्या टाकांवर घोड्याच्या पायाशी कुत्रा असतो. वाघ्या हा देवाचा कुत्राच. वाघे कुत्र्यासारखे भुंकत आणि भांड्यात तोंड घालून खात, याच्या नोंदी आहेत. गुंथर सोनथायमर हा जर्मन पंडित धनगरांच्या वाड्यांवर हिंडून त्यांच्या ओव्या टिपून घेत असे. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावरचा त्याचा ग्रंथ वाचताना ठायी ठायी जाणवते की हे देव आधी मेंढक्यांचे, मग राजांचे. आमच्याकडून सोलापूरला निघालात तर शहरापलीकडे बाळ्याचा खंडोबा आहे आणि मंगळवेढ्याच्या अंगाला हुलजंती. तिथे दिवाळीत महालिंगरायाच्या यात्रेला दोन राज्यांतले धनगर पालख्या घेऊन जमतात. साताऱ्याला संगम माहुलीत शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवले अशी आख्यायिका सांगतात.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो कर्नाटकातल्या आतकूरचा शिलालेख, इसवी सन 949-50 च्या सुमाराचा. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने चोळांचा तक्कोलम इथे पराभव केला. त्या लढाईत गंग राजा बूतुग त्याच्या बाजूने होता, आणि बूतुगाचा मणलेर नावाचा वीर मोठ्या शौर्याने लढला. बूतुग खूश होऊन म्हणाला, काय हवे ते माग. मणलेराने जमीन मागितली नाही, सोने मागितले नाही. बूतुगाचा 'काळी' नावाचा कुत्रा मागितला, आणि राजाने दिला. पुढे काळीला एका रानडुकरावर सोडले, दोघेही लढून मेले. मणलेराने काळीसाठी दगड उभारला आणि त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. कुत्रा एका घरातून दुसऱ्या घरी गेल्याची इतकी तपशीलवार जुनी नोंद माझ्या वाचनात दुसरी नाही. राजाने कुत्रा 'नकोसा झाला' म्हणून दिला नव्हता आणि मणलेराने फुकट मिळतो म्हणून घेतला नव्हता. घेणाऱ्याने त्या कुत्र्याचे काम पाहिले होते आणि त्याला तोच कुत्रा हवा होता.

म्हाताऱ्याने त्या दिवशी निघताना विचारले, "तुमी ह्येला कुनाला देताना काय इचारता?" मी म्हणालो, जागा किती, खायला काय घालणार. तो हसला. "त्ये समदे चांगलंच सांगतेत. आदीचं कुत्रं कसं मेलं त्ये इचारा."

श्रावणात मी हा प्रश्न धरून बसलो. ओळखीतून, सोलापूर-पुण्याच्या प्राणिप्रेमींकडून शब्द पसरवला. वीस-बावीस जणांचे फोन आले. आधी मी एक गोष्ट केली होती, ती सांगतो. आमच्या खात्यातल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याकडून वस्करचे खच्चीकरण करून घेतले. फोनवर हे सांगितले की निम्म्या लोकांचा उत्साह तिथेच मावळायचा. त्यांना कुत्रा नको होता, पिल्लांचा कारखाना हवा होता. उरलेल्यांना मी म्हाताऱ्याचा प्रश्न विचारी. एकाचे आधीचे कुत्रे 'पळून गेले' होते, एकाचे 'गावाकडं दिलं', एकाला आठवतच नव्हते. पुण्यातल्या एका तरुण जोडप्याने फार मोकळेपणाने सांगितले की दोघेही दिवसाला अकरा तास बाहेर असतात. त्यांना मी नाही म्हटले. पुढेही कुत्रा देताना असेच खरे बोला, असेही सांगितले. एक गृहस्थ म्हणाले, मुलाला हवा आहे. मुलगा सहा वर्षांचा. धावणाऱ्या मुलाच्या टाचेचे काय होईल ते मी समजावले, तर रागावले.

भाद्रपदात एक फोन आला तो वेगळा होता. सातारा जिल्ह्यात डोंगराच्या अंगाला राहणारे, लष्कराच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले एक सुभेदार. पन्नास-साठ शेळ्या आहेत, तारेच्या कुंपणाचे चार तुकडे करून आळीपाळीने चारतात. मी विचारायच्या आधी तेच विचारू लागले. किती वर्षांचा, कशाला बिचकतो, सावलीमागे धावतो का, खाताना हात लावला तर गुरगुरतो का, कुणाला चावला असेल तर कुठे आणि कसा. टाचेला की हाताला? टाचेला म्हटल्यावर म्हणाले, "मग चावला नाही, हाकला." त्यांचे आधीचे कुत्रे तेरा वर्षांचे होऊन मूत्रपिंडाच्या आजाराने गेले होते. शेवटच्या महिन्यातल्या औषधांची नावे त्यांना पाठ होती.

ते एसटीने मंद्रूपला आले. पहिल्या दिवशी दोन तास ओट्यावर बसून माझ्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारत राहिले, वस्करकडे पाहिलेसुद्धा नाही. तिसऱ्या तासाला वस्कर स्वतः जाऊन त्यांच्या बुटांचा वास घेऊन पायाशी बसला. पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले, तेव्हा त्याला माझ्या सहा शेळ्यांवर लांब दोरी बांधून चालवला. दबत निघाला की थांबवायचे, बसवायचे, मग पुन्हा सोडायचे. शेळ्या मेंढरांसारख्या फुटत नाहीत, शिंगे दाखवतात. त्यामुळे वस्करलाही जरा अदब शिकावी लागली.

मी त्यांना लिहून दिले आणि लिहून घेतले. लसीकरणाचे पुस्तक, खच्चीकरणाचा दाखला, टाचेचे दोन्ही प्रसंग जसे घडले तसे. जमले नाही तर दुसऱ्या कुणाला न देता माझ्याकडे परत आणायचा, ही अट. आणि तांबड्या शाईत एक सूचना: गोचीड-खरजेसाठी आयव्हरमेक्टिन विचारल्याशिवाय टोचायचे नाही. आमच्या खेड्यांत हे औषध पाण्यासारखे वापरतात. पण कोली जातींतल्या काही कुत्र्यांत एमडीआर-1 नावाच्या जनुकात दोष असतो. औषधाला मेंदूत शिरू न देणारा पहारा त्यांच्यात ढिला असतो, आणि जास्त मात्रेने कुत्रा झटके येऊन मरू शकतो. बॉर्डर कोलीत हा दोष इतर कोलींपेक्षा कमी आढळतो, पण तपासणी केलेली नसताना पैज कशाला लावा?

आश्विनात, घटस्थापनेच्या आधी, न्यायचा दिवस ठरला. मी सोलापूरला त्या घरी कळवले. त्या तिघांवर मी मनातून बरेच दिवस चिडलो होतो. हौसेने आणायचे आणि जड झाले की 'रान आहे तुमच्याकडे' म्हणायचे. पण ती मुलगी त्या दिवशी आली तेव्हा तिच्या हातात वहीचे पान होते. वस्करला कळणाऱ्या शब्दांची यादी, शाईच्या पेनाने, एकेचाळीस शब्द. अमेरिकेत जॉन पिली नावाच्या प्राध्यापकाने चेसर या बॉर्डर कोलीला हजारावर वस्तूंची नावे शिकवली होती, ते 2011 साली प्रसिद्ध झाले. तेव्हा एकेचाळीस म्हणजे काही विक्रम नव्हे. पण प्रत्येक शब्दापुढे तिने तो ऐकल्यावर कुत्रा काय करतो ते लिहिले होते. 'चेंडू', 'खाली', 'गच्ची', 'आजी आली', 'इंजेक्शन' (पलंगाखाली जातो). यादी मी कुणाकडून मागितली नव्हती, आणि सहा महिन्यांत मलाही ती सुचली नव्हती. सुभेदारांनी ते पान चष्मा लावून पूर्ण वाचले, घडी करून लसीकरणाच्या पुस्तकात ठेवले आणि मुलीला म्हणाले, "बेटा, हे सगळ्यांत कामाचं कागदपत्र."

वस्कर मोटारीत बसला तेव्हा तिने हात हलवला नाही. मोटार वळेपर्यंत मोजत उभी राहिली, किती ते मला सांगितले नाही.

आठ दिवसांनी सुभेदारांचा फोन आला. खातो-पितो, रात्री झोपतो, शेळ्या तिसऱ्या तुकड्यातून चौथ्यात एकट्याने नेल्या. एकच अडचण आहे म्हणाले. "‘दाजी’ म्हटलं की हा काम टाकून फाटकाकडं का पळतो? यादीत तर नाही."

मी मुलीच्या आईला विचारले. त्यांच्या घरी रोज संध्याकाळी दूध घालायला येणारे दाजी कुत्र्याला खिशातून बिस्किट काढून द्यायचे. मुलीला वाटले, ते सगळ्यांनाच माहीत असेल, म्हणून लिहिले नाही.

सुभेदारांच्या शेळ्यांवर जो गडी आहे, त्याला सगळे गाव दाजी म्हणते. त्याला आता ते दुसऱ्या नावाने हाक मारायची सवय करताहेत. गडी म्हणतो, कुत्र्याचंच नाव बदला की.